दोन सळया

अण्णांचा हात थरथरू लागला आहे हे कारखान्यात सगळ्यांत आधी मला कळलं, कारण त्यांनी केलेले तुकडे मोजणं हेच माझं काम होतं. बंगळूरात यशवंतपूरच्या मागच्या अंगाला आमचं छोटं युनिट आहे. पंपांचे शाफ्ट, पिना, बुश असे भाग तिथे होतात. अण्णा तिथे लेथवर टर्नर होते आणि मी तपासणी विभागाचा इंजिनियर. विभाग म्हणजे एक टेबल, एक काचेचं कपाट आणि मी. त्यांच्या शाफ्टची मापं चुकायला लागली तेव्हा मी आधी माझं मापयंत्र बदलून पाहिलं. मग दुसऱ्याकडून मोजून घेतलं. शेवटी एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या हातातला ताकाचा पेला पाहिला, आणि पुन्हा मोजायची गरज उरली नाही.

मी कुणाला बोललो नाही. त्यांनी स्वतःच मालकांना सांगितलं आणि डिसेंबरअखेर काम सोडतो म्हणाले.

अण्णांचं कुटुंब बंगळूरात इतक्या पिढ्या आहे की मूळ गाव कोणतं ते घरात कुणालाच सांगता येत नाही. घरात मराठी बोलतात, पण त्यात थोड्याला ‘स्वल्प’ आणि बरं म्हणायला ‘सरी’ असे कानडी शब्द इतके मिसळलेले असतात की आपल्यालाही थोड्या दिवसांनी ते मराठीच वाटू लागतात. मी तालुक्याच्या गावाहून आलेला. वडील बाजार समितीत हमाल, शाळा मराठी माध्यमाची, घरात पदवी घेतलेला मी पहिला. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी जिन्याखाली उभा राहून आईशी फोनवर बोलत होतो, ते त्यांनी ऐकलं. फोन ठेवल्यावर म्हणाले, “आईला जेवलो म्हणून सांगितलंस. जेवलास कुठे?” त्या दिवसापासून त्यांच्या डब्यातलं अर्धं माझं झालं. लेथचा आवाज ऐकून हत्यार बोथट झालंय हे कसं ओळखायचं, तेही त्यांनीच शिकवलं. कॉलेजात मला त्याचं सूत्र शिकवलं होतं. आवाज कुणी ऐकवला नव्हता.

काम सोडल्यावर काय करायचं, ते त्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. त्यांची थोरली बहीण त्याच गल्लीत राहते. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणते, मीही. अक्कांच्या घराची रस्त्याकडची खोली रिकामी होती. तिथे त्यांच्या यजमानांची पिठाची गिरणी होती, ते गेल्यावर बंद पडली. समोर कॉलेज आहे. अण्णांना तिथे संध्याकाळी निखाऱ्यावर कोंबडी भाजून विकायची होती. सळईवर ओवलेले तुकडे, आणि वर लसूण आणि चीजचा पांढरा सॉस.

“लाल कबाब गल्लोगल्ली तळतात,” ते मला म्हणाले. “पोरं मेट्रोखाली उभी राहून पांढरं मागतात. मी बघितलंय. आपण पांढरं करू.”

अडचण एवढीच होती की मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या एका माणसानेही ती खोली मागितली होती, आणि अक्कांचा कल त्याच्याकडे होता.

अण्णा विचारायला गेले तेव्हा मला बरोबर घेऊन गेले. अक्का पायरीवर बसून पावट्याच्या शेंगा सोलत होत्या.

“तू आणि स्वयंपाक?” त्या म्हणाल्या. “तू चहा ठेवलास की शेजारी विचारायला येतात, काय जळलं म्हणून.”

“चहा वेगळा, अक्का. हे आग आणि लोखंडाचं काम. जन्मभर तेच केलं की मी.”

“लोखंड खातात का रे लोक?” मग त्यांनी शेंगा बाजूला ठेवल्या. “हात दाखव.”

अण्णांनी हात दाखवला नाही. खिशात घातला.

“परवा पीठ चाळून दे म्हटलं तर निम्मं अंगणात सांडलंस. तो हात तू रोज संध्याकाळी निखाऱ्यावर धरणार. मी इथे खुर्ची टाकून तेच बघत बसू?”

अण्णांच्या घरी त्या वेळी दुसरं कुणी नव्हतं. त्यांची बायको लेकीच्या बाळंतपणाला म्हैसूरला गेलेली. महिनाअखेर कारखाना सुटला की सकाळी उठून कुठे जायचं, हा प्रश्न त्यांनी मला एकदोनदा विचारला होता आणि उत्तराची वाट न पाहता स्वतःच दुसरा विषय काढला होता. ते अक्कांनाही ठाऊक असणार.

“सरी,” अक्का म्हणाल्या. “कव्हरवाल्याला मी पंधरा दिवसांनी सांगते म्हटलंय. त्याच्या आधीच्या रविवारी इथे माझ्यासमोर करून दाखव. एकट्याने. आगीला हा तम्मा हात लावणार नाही.” तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, तो मी. “हात भाजला नाही, आणि एक सळई खाऊन मी दुसरी मागितली, तर किल्ली तुझी.”

“आणि नाही मागितलीस तर?”

“तर कव्हरं लावून घे फोनला.”

दुसऱ्या दिवशी मी सळईचं ड्रॉइंग काढलं. स्टेनलेसची सळई, सहा मिलिमीटर जाड, एका टोकाला अणी, लांबी वीतभर निखाऱ्यावर आणि दोन्हीकडे चार-चार बोटं बाहेर. मी त्यावर माप किती चुकलं तर चालेल तेही लिहिलं. कोंबडीच्या सळईला त्याची गरज नव्हती, पण ड्रॉइंगवर ते लिहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. अण्णांनी मालकांना विचारून सुट्टीच्या वेळात बारा सळया केल्या, पॉलिश पेपरने घासून अशा गुळगुळीत केल्या की बोट ठरत नव्हतं. मग माझ्या टेबलावर आणून ओळीने मांडल्या आणि म्हणाले, “मोज.”

“अण्णा, याला कशाला मोजायचं?”

“मोज म्हटलं ना.”

मी मोजल्या. दोन किंचित कमी भरल्या, तसं सांगितलं. त्यांनी त्या दोन उचलून खिशात टाकल्या आणि उरलेल्या दहा कागदात गुंडाळल्या.

सॉसची जबाबदारी माझी होती. मी जे. पी. नगरला एका फ्लॅटमध्ये राहतो, तिथला माझा सोबती पुण्याचा आहे, हेब्बाळला आयटीत काम करतो आणि शनिवारी मित्रांना बोलावून काहीतरी करून घालतो. त्याने मला शिकवलं. “सिम्पल आहे रे. बटर, गार्लिक, मैदा, मिल्क, चीज. फक्त पेशन्स ठेव.” पहिल्या वेळी मी चीज घातल्यावर सॉस उकळू दिला. त्याचं रबर झालं. चमचा उचलला की पातेलंही वर येत होतं. सोबती म्हणाला, “याचं वॉशर कर आणि तुझ्या पंपात बसव.” दुसऱ्या वेळी लसूण करपला आणि सगळा सॉस कडू झाला. तिसऱ्या वेळी जमला. मी तो क्रम वहीत लिहून ठेवला, अजून आहे. लोणी मंद आचेवर वितळवायचं. ठेचलेला लसूण त्यात घालून रंग बदलायच्या आत मैदा घालायचा. मैद्याचा कच्चा वास गेला की दूध एकदम न ओतता पळीपळीने घालत ढवळत राहायचं. पळीच्या पाठीवर बोटाने रेघ ओढली आणि ती तशीच राहिली, की गॅस बंद. त्यानंतर किसलेलं चीज आणि मिरेपूड. मीठ शेवटी, चाखून, कारण चीज आधीच खारट असतं.

अक्कांच्या रविवारच्या आदल्या रविवारी अण्णांच्या गच्चीवर आम्ही पहिल्यांदा करून पाहिलं. कोंबडीच्या मांडीचं बिनहाडाचं मांस आणलं होतं. छातीचं मांस निखाऱ्यावर कोरडं पडतं, हे खाटकानेच सांगितलं. टांगून पाणी काढलेलं दही, आलं-लसूण, मीठ, मिरे, लिंबू, थोडी हळद, असं लावून तीन तास ठेवलं. अण्णांनी तुकडे ओवले, मधे मधे ढोबळी मिरची आणि कांदा. दोन्ही बाजूंना विटा, मधे निखारे, विटांवर टेकलेल्या दहा सळया. दिसायला फार छान दिसत होतं.

पाच मिनिटांनी अण्णांनी पहिली सळई फिरवली. सळई फिरली. कोंबडी फिरली नाही.

त्यांनी पुन्हा फिरवली. तुकडे जिथे होते तिथेच लोंबत राहिले, जड बाजू खाली करून. मांस शिजू लागलं की भोक सैल होतं, आणि आमची सळई तर आरशासारखी. दहाही सळयांचं तेच. खालची बाजू काळी पडत होती, वरची पांढरी आणि ओली. अण्णा एकेक तुकडा बोटांनी धरून उलटू लागले. दहा सळया, प्रत्येकीवर पाच तुकडे. हात निखाऱ्यावरून हलतच नव्हता आणि थरथरत होता. सातव्या की आठव्या सळईला मनगट शेजारच्या तापलेल्या सळईला लागलं. ते ओरडले नाहीत. हात मागे घेऊन बादलीत बुडवला, तेवढंच.

मी म्हणालो, “अण्णा, चपटी पट्टी घेऊ या. पट्टीवर तुकडा फिरत नाही.”

“चपटी?” त्यांनी बादलीतून हात न काढता माझ्याकडे पाहिलं. “चाळीस वर्षं मी गोल केलं. चपटं लोहार करतो.”

“पण गोल सळईवर हे होणारच, अण्णा. घर्षण इतकं कमी आहे की—”

“शिकव. मला घर्षण शिकव तू.”

ड्रॉइंग माझं होतं, गोल मीच काढलं होतं, हे मला त्या वेळी सुचायला हवं होतं. ते सुचलं घरी जाताना, मेट्रोत. आम्ही दोघंही गोल गोष्टी चांगल्या कशा करायच्या एवढंच जाणणारे लोक होतो. सळई म्हटल्यावर दुसरा आकार आमच्या डोक्यात आला नाही. बाजारात चपट्या सळया मिळतात, कुठल्याही भांड्यांच्या दुकानात. आम्ही दुकानात गेलोच नव्हतो.

सोमवारी अण्णांच्या मनगटावर मलम आणि पट्टी होती. त्यांनी डबा त्यांच्या मशीनपाशीच उघडला आणि एकट्याने खाल्ला. मंगळवारी, बुधवारीही तसंच. मी कँटीनमधून इडली आणून माझ्या टेबलावर खाल्ली. अक्कांनी पट्टी पाहिली होती. काय बोलल्या ते मला अण्णांनी सांगितलं नाही. गुरुवारी कव्हरवाला खोली पाहून गेला, एवढं मात्र सांगितलं, तेही माझ्याकडे न बघता.

शुक्रवारी दुपारी त्यांनी मला हाक मारली. ते ड्रिल मशीनपाशी उभे होते. समोर एक जाड प्लेट होती, तिला भोकं पाडायची होती. प्लेट जागेवरून हलू नये म्हणून खालच्या साच्यातल्या पिनांवर बसवतात.

“ही प्लेट एका पिनवर ठेवली तर काय होईल?”

“फिरेल,” मी म्हणालो.

“दोन पिनांवर?”

“नाही फिरणार.”

“हे तुला कुणी शिकवलं?”

“कॉलेजात होतं. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न.”

“मग रविवारी कुठे होतं ते?”

मी साच्यातली पिन बोटाने चाचपली.

“माझं तरी कुठे होतं,” ते म्हणाले. “रोज हेच करतो.” आणि खिशातून दोन सळया काढल्या, त्याच, मापात न बसलेल्या. दोन बोटांचं अंतर ठेवून त्यांनी त्या माझ्यासमोर समांतर धरल्या. हात थरथरत होता, पण दोन्ही सळया एकत्रच हलत होत्या. “तुकडा दोघींवर ओवायचा. शिडीसारखा. मग कोंबडी कशी फिरते बघू.” थोडं थांबून म्हणाले, “जेवलास?”

रविवारी दुपारी अक्कांच्या अंगणात आम्ही विटा मांडल्या. अक्कांनी खरोखरच खुर्ची टाकली होती. मी सॉस करायला आत गेलो तेव्हा त्याही मागून आल्या. त्यांच्याकडे मटण-कोंबडीची भांडी वेगळी असतात, मागच्या पडवीत फळीवर ठेवलेली.

“हे तुझं पांढरं, शाकाहारी का मांसाहारी?”

“शाकाहारी, अक्का. पण जाणार कोंबडीवर.”

“मग पडवीतलं पातेलं घे. जिथे जाणार तिथलं.”

मी सॉस केला, झाकून बाहेर आणला आणि विटांपासून चार पावलं लांब बसलो. तशी अट होती.

अण्णांनी सगळं मांस दोन शिड्यांतच ओवलं होतं. तुकडे मोठे, पसरट, प्रत्येकाला दोन सळया. त्यांनी एक शिडी विटांवर टेकवली, मग दुसरी, आणि मागे सरून हाताची घडी घालून उभे राहिले. अक्का त्यांच्या हातांकडे बघत होत्या. कोंबडीकडे एकदाही पाहिलं नाही त्यांनी.

“काय रे, नुसता उभा?”

“शिजतंय ते. मी मधे कशाला?”

सात-आठ मिनिटं गेली. चरबी निखाऱ्यावर पडून धूर होत होता. मग अण्णांनी ओलं फडकं हातावर घेतलं आणि पहिल्या शिडीची विटांबाहेर आलेली टोकं दोन्ही हातांनी धरली. उचलली, उलटली, ठेवली. पाचही तुकडे एकदम उलटले. खालची बाजू नीट तांबूस होती, कडेला थोडी काळी.

दुसरी शिडी उचलली गेली नाही. एका टोकाचा कांदा विटेला चिकटून करपला होता. अण्णांनी ओढून पाहिलं तेव्हा हात जोरात थरथरू लागला आणि सळया विटेवर खटखट वाजल्या. अक्का खुर्चीतून अर्ध्या उठल्या. मीही उठलो असेन, कारण अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले, “बस.” त्यांनी टोकं सोडून दिली. फडकं बादलीत भिजवून पुन्हा पिळलं. सावकाश. मग हात थोडा शांत झाल्यावर शिडी वर न उचलता आधी बाजूला सरकवली, कांदा सुटला, आणि उलटली.

अक्का बसल्या.

उतरवायच्या आधी अण्णांनी तुकड्यांवर लोणी लावलं आणि लिंबू पिळलं. एक शिडी ताटात काढली, सळया ओढून घेतल्या, आणि मी सॉस वाढला. अक्कांनी ताट मांडीवर घेऊन बराच वेळ पाहिलं.

“चुना लावल्यासारखं दिसतंय.” बोटाने चाखलं. “लसूण आहे. बरा आहे. तिखट कुठाय?”

“हे तिखट नसतंच, अक्का,” मी म्हणालो.

“मग पोरं कशाला खातात?” त्या आत गेल्या, तिखटाची पूड आणली, आपल्या ताटातल्या सॉसमध्ये चिमूटभर कालवली आणि सॉस गुलाबी झाल्यावर खायला लागल्या. पाचही तुकडे संपले. कांदाही संपला.

“दोनदा,” हात पुसत त्या म्हणाल्या. “मी मोजलं. दोनदाच हात गेला निखाऱ्यावर, आणि तोही काठाला.”

“तीनदा,” अण्णा म्हणाले. “लिंबू पिळलं ते धर.”

“लोणी?”

“हां. मग चारदा.”

अक्कांनी त्यांचा हात ओढून घेतला, मनगटावरची जुनी पट्टी बाजूला करून पाहिलं, मग बोटं, मग दुसरा हात. नवीन काही लागलेलं नव्हतं. हात सोडून दिला. विटांवर दुसरी शिडी अजून तशीच होती, माझ्यासाठी ठेवलेली.

“ती कुणाला ठेवलीयस?”

“मागतेस, का नुसतं विचारतेस?” अण्णा म्हणाले.

“विचारतेय.”

अण्णांनी हाताची घडी घातली. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं, मी पातेल्याकडे पाहिलं.

“दे मेल्या,” अक्का म्हणाल्या.

किल्ली त्यांच्या कमरेलाच होती. त्यांनी ती आधी काढून दिली आणि मग ताट पुढे केलं. अण्णांनी वाढलं, पण स्वतः खायला थांबले नाहीत. ते तसेच रस्त्याकडच्या बाजूला गेले, मी त्यांच्या मागे. कुलूप उघडलं, शटर मात्र दोघांनी जोर लावल्यावर अर्धंच वर गेलं. आत गिरणीची जागा रिकामी होती. जमिनीत चार बोल्ट होते आणि भिंतींवर, खिडकीच्या कडेवर, वरच्या तुळईवर पिठाचा थर होता, वर्षानुवर्षांचा, घट्ट बसलेला. अण्णा वाकून आत शिरले, पावलांनी लांबी मोजली आणि मला म्हणाले, “विटा इथे. सॉस तिथे.” कोपऱ्यात एक जुनी केरसुणी होती. त्यांनी ती उचलून तुळईकडे हात केला.

“ते राहू दे,” मागून अक्का म्हणाल्या. त्या ताट हातात घेऊन शटरखाली उभ्या होत्या. “पीठ मी झाडते.”

त्यांनी ताट माझ्या हातात दिलं. त्यात दोन तुकडे शिल्लक होते. अण्णा बाहेर आले आणि आम्ही दोघांनी रस्त्यावर उभं राहून त्यातला एकेक खाल्ला. आत अक्का केरसुणी हळूहळू फिरवत होत्या, आणि शटरच्या फटीतून पांढरी धूळ बाहेर येत होती.